एफ-नऊची कळ

टिपणे काढण्याच्या सवयीविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. पण लिहायला बसले की ते सवयीविषयी राहत नसे, एका चुकीविषयी होऊ लागे. म्हणून टाळत आले. आता ती चूक आधीच सांगून टाकली तर बाकीचे सांगणे सोपे जाईल असे वाटते. २०२३च्या नोव्हेंबरात मी संगणकाची एक कळ दाबली आणि माझ्या गुरूंच्या २,३०० कार्डांवरचे अनुस्वार काही सेकंदांत पुसून टाकले. कळ होती एफ-नऊ. ती आज्ञा मीच लिहिली होती, तिचे बारसेही मीच केले होते आणि ती कळ तिला मीच नेमून दिली होती. त्यामुळे दोष द्यायला दुसरे कोणी हाताशी नाही.

सर गेले २०१९ साली. एका अल्पज्ञात कवीच्या रुक्मिणीस्वयंवराचा पाठ सिद्ध करावा, हे काम त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे चालवले होते. (रुक्मिणीस्वयंवरे मराठीत उदंड. नरेंद्राचे आणि एकनाथांचे आपण वर्गात शिकवतो; बाकीची ग्रंथसंग्रहांच्या सूचींत झोपलेली असतात.) संपादित प्रत काही निघाली नाही. मागे राहिली ती बुटांच्या पाच खोक्यांत उभी लावलेली कार्डे. कार्डे म्हणायचे ते सवयीने. निम्म्याहून अधिक तुकडे लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेले होते, त्यामुळे पाठभेदाचे पान उलटले की मागे कुणाचे तरी 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' अर्धवट तुटलेले दिसे. डाव्या कोपऱ्यात ओवीचा क्रमांक, मध्ये निरनिराळ्या प्रतींतले पाठ, खाली सरांचा निर्णय किंवा शंका, आणि क्वचित उजव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'पुन्हा पाहा' व तारीख.

टिपणांच्या सॉफ्टवेअरचा कोणताही पुरस्कर्ता पहिल्या पाच मिनिटांत निकलास लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञापाशी येऊन पोहोचतो. लूमान १९९८ साली गेले, आणि त्यांची सुमारे ९०,००० कार्डे बीलेफेल्ड विद्यापीठाने जपून ठेवली आहेत. सरांनी लूमानचे नाव ऐकले असेल असे मला वाटत नाही. पण कार्डाला क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकाने दुसऱ्या कार्डावरून त्याच्याकडे बोट दाखवावे, ही युक्ती दोघांनाही आपापल्या घरी सुचली होती. फरक एवढाच की लूमानच्या पेटीविषयी परिसंवाद होतात आणि सरांची खोकी काकूंनी मला रिक्षात ठेवून दिली.

ती टंकित करायची म्हणून मी ऑब्सिडियन हे सॉफ्टवेअर घेतले. ते २०२० साली लोकांपुढे आले. मला त्यातले एकच आवडले: त्यात लिहिलेले प्रत्येक टिपण ही आपल्याच संगणकावरची एक साध्या मजकुराची फाइल असते. सॉफ्टवेअर उद्या बंद पडले तरी फाइल उघडते. मूळ सॉफ्टवेअर मोजक्या गोष्टी करते. बाकीचे ज्याचे त्याने जोडून घ्यायचे. जोडण्याच्या या तुकड्यांना प्लगिन म्हणतात. इतरांनी लिहिलेली शेकडो प्लगिन्स मिळतात, पण त्यांत ओवी, प्रत, पाठभेद या शब्दांना जागा असणे शक्यच नव्हते. तेव्हा आपणच एक लिहावे असे ठरले.

इथे वाचकांनी दचकू नये. मीही साहित्याचीच शिक्षिका आहे. प्लगिन म्हणजे एका लपलेल्या फोल्डरातल्या दोन-तीन फाइली. एकीत त्याचे नावगाव, दुसरीत जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेली कृती. कृतीत आज्ञा नोंदवायची, म्हणजे तीन गोष्टी सांगायच्या: आज्ञेची यंत्राला कळणारी खूण, माणसाला दिसणारे नाव, आणि ती दिली असता काय घडावे ते. मग कंट्रोल-पी दाबल्यावर उघडणाऱ्या यादीत ते नाव दिसू लागते. सेटिंगमध्ये जाऊन त्या नावापुढे हवी ती कळ नेमता येते. नाव मराठीत देता येते याचा मला पहिल्या दिवशी झालेला आनंद आज हास्यास्पद वाटतो. पुण्याला अशाच कामात असलेल्या माझ्या भाच्याने दोन रविवार खर्चून हे सगळे शिकवले. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "मावशी, आता मला विचारू नकोस, मोडून बघ." मी तो सल्ला फारच मनावर घेतला.

कळ नेमताना पहिली अडचण आली ती लिपीची. मी इनस्क्रिप्ट कळफलकावर लिहिते. त्यात इंग्रजी 'पी'च्या कळीवर 'ज' आहे आणि 'प' आहे 'एच'वर. काही आज्ञा कळीची जागा पाहतात, काही तिच्यातून उमटणारे अक्षर पाहतात. अक्षर पाहणाऱ्या आज्ञेला कंट्रोलबरोबर 'पी' हवा असतो, मिळतो 'ज'. ती बिचारी गप्प बसते. दर वेळी भाषा बदलून आज्ञा द्यायची आणि पुन्हा मराठीत यायचे, म्हणजे टिपणाच्या मध्येच उंबरठा ओलांडण्यासारखे. शेवटी मी वरच्या रांगेतल्या एफच्या कळी धरल्या. त्यांना लिपी नसते. (जाता जाता: इनस्क्रिप्टमध्ये अनुस्वार 'एक्स'च्या कळीवर आहे, आणि कंट्रोल-एक्स म्हणजे कापणे. हा योगायोग तेव्हा माझ्या ध्यानात आला नव्हता.)

एफ-सात म्हणजे 'नवे कार्ड'. ही कळ दाबली की कोरे टिपण उघडे, आणि त्यात चार घरे आपोआप आखलेली असत: ओवी, पाठ, सरांचे म्हणणे, माझे म्हणणे. सुरुवातीला हे फार सोयीचे वाटले. महिन्याभराने लक्षात आले की चौथे घर रिकामे सोडवत नाही. सरांच्या कार्डावर रिकामी जागा होती, पण ती रिकामी असल्याचे कुठे लिहिलेले नव्हते. माझ्या पडद्यावर 'माझे म्हणणे' असे शब्द आणि त्यांच्यापुढे लुकलुकणारी रेघ. मग काहीतरी म्हणणे भागच. त्या घरात मी काय काय लिहिले आहे ते आज वाचताना कसेसे होते. 'लक्षणीय पाठ.' 'येथे कवीची शब्दकळा पाहावी.' पाहावी म्हणजे काय करावे? परीक्षेतल्या उत्तरपत्रिकांत मी ज्या वाक्यांखाली लाल रेघ मारते तीच ही वाक्ये. एकदा हे उमगल्यावर मी चौथे घर काढून टाकले. ज्याला काही म्हणायचे असेल तो घर नसतानाही म्हणतो.

एफ-आठ म्हणजे 'पुन्हा पाहा'. सरांच्या लाल अक्षरांचीच नक्कल. कळ दाबली की टिपणाच्या शेवटी ते दोन शब्द आणि त्या दिवसाची तारीख. एका वर्षात मी ही कळ ४१२ वेळा दाबली, आणि त्यांपैकी पुन्हा पाहिलेली टिपणे मोजायला एका हाताची बोटे पुरतील. सरांच्या पाचही खोक्यांत मिळून 'पुन्हा पाहा' ३१ वेळा आले आहे. लाल पेन शोधायला उठावे लागत असावे.

आता एफ-नऊ. तिची सुरुवात मात्र अगदी नेक होती. कार्डे टंकित करायला दोन विद्यार्थ्यांनी मदत केली होती, आणि त्यांचे कळफलक निराळे होते. 'दुसऱ्या' हा शब्द शोधला की निम्मीच कार्डे सापडत. पडद्यावर शब्द अगदी सारखा दिसे. कारण असे की आपला हा आडवा रकार संगणकाला दोन प्रकारांनी सांगता येतो: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साधा 'र' घेऊन, पाय मोडून, त्यापुढे जोडणीचे एक अदृश्य चिन्ह ठेवायचे. डोळ्याला एक, यंत्राला दोन. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक आपण शाळेत शिकतो. येथे 'दऱ्या' आणि 'दऱ्या' यांत फरक होता. मी एफ-नऊला सांगितले की दुसऱ्या प्रकारचे रकार जिथे दिसतील तिथे पहिल्या प्रकारचे कर. तिने केले. शोध पूर्ण येऊ लागला. कुणाचे काही बिघडले नाही. एखादी आज्ञा अशी निमूट यशस्वी झाली की माणसाला आणखी एक द्यावीशी वाटते.

सरांचे शालेय शिक्षण १९६२च्या आधीचे. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना शासनाची मान्यता मिळाली आणि अनुच्चारित अनुस्वार शिष्ट लेखनातून गेले. सरांच्या हातातून ते कधीच गेले नाहीत. 'नाहीं', 'करूं', 'त्यांनीं', 'मुळें'. त्यांच्या कार्डांवर पाखडलेल्या तांदळासारखी टिंबे पसरलेली असत. माझे विद्यार्थी त्यांवर अडखळत. एकाने 'नांव' आणि 'गांव' यांचा उच्चार इतका नाकातून केला की वर्ग हसला. तेव्हा मी ठरवले की सरांचे लेखन आजच्या रूपात आणावे. मुलांना वाचता तरी येईल.

पहिला प्रयत्न फुकट गेला. मी आज्ञेला सांगितले होते: मात्रेवर येऊन शब्दाच्या शेवटी बसलेला अनुस्वार काढ. ती धावली आणि एकही अनुस्वार न काढता परतली. भाच्याने फोनवर उलगडा केला. जावास्क्रिप्टमध्ये शब्दाची सीमा ओळखण्याचे जे जुने चिन्ह आहे त्याच्या मते शब्द म्हणजे इंग्रजी अक्षरे, अंक आणि खालची रेघ. देवनागरीत त्याला शब्दच दिसत नाही, मग शब्दाचा शेवट कुठून दिसणार? २०१८पासून त्या भाषेत जगातल्या सर्व लिप्यांची अक्षरे ओळखण्याची सोय झाली आहे. पण तीतही मेख आहे. मात्रा आणि अनुस्वार यांची गणना तिथे अक्षरांत होत नाही, चिन्हांच्या निराळ्या वर्गात होते. नुसती अक्षरे माग म्हटले तर 'कविता' या शब्दाचे 'कव' आणि 'त' असे दोन तुकडे हातात येतात. हे मला इतके गमतीचे वाटले की मी ते भाषाविज्ञानाच्या तासाला सांगितले. गंमत सांगताना आपण काय काढायला निघालो आहोत याचा विचार मनाला शिवला नाही. त्याच तासाला मी 'केलें' हे नपुंसकलिंगी एकवचन, 'केले' हे पुल्लिंगी अनेकवचन, 'केली' स्त्रीलिंगी एकवचन, 'केलीं' नपुंसकलिंगी अनेकवचन, असा तक्ताही फळ्यावर लिहिलेला असणार. दर वर्षी लिहिते.

भाचा म्हणाला, "मावशी, आधी एकाच फाइलवर चालवून बघ. आणि सगळ्या फोल्डरची कॉपी काढून ठेव."

"हो रे, ठेवते."

ठेवली नाही. कंटाळा हेच कारण. सुधारलेली आज्ञा एका टिपणावर चालवून पाहिली, टिपण नीटनेटके झाले, आणि मग सबंध फोल्डर दाखवून कळ दाबली. टंकून झालेली खोकी तोवर मी काकूंना परत नेऊन दिली होती.

पुढचे दोन महिने मजेत गेले. मग एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, या कार्डात काही राहिलंय का? दोन्ही पाठ सारखेच आहेत. मग सरांनी कार्ड कशाला केलं?" पडद्यावर होते ते असे: अ प्रत, वाहिली. क प्रत, वाहिली. खाली सरांचा शेरा: माळ की फुले? अ ग्राह्य.

मी दोनदा वाचले आणि हातापायांतले बळ गेले. प्रसंग देवीच्या देवळातला आहे. आधीच्या चरणात फुलेही आहेत आणि माळही आहे. या चरणात नाम नाही, नुसते क्रियापद आहे. एका प्रतीत 'वाहिली' आणि दुसरीत 'वाहिलीं' असणार. टिंब असेल तर नपुंसकलिंगी अनेकवचन, म्हणजे रुक्मिणीने देवीला फुले वाहिली. टिंब नसेल तर तिने माळ वाहिली. स्वयंवराच्या काव्यात, वरमाला अजून कुणाच्याच गळ्यात पडायची असताना, नायिका हातातली माळ देवीपुढे ठेवते की नुसती फुले, हा काही किरकोळ प्रश्न नव्हे. हस्तलिखितांचे लेखनिक अनुस्वारांच्या बाबतीत बेफिकीर असतात हे खरे. म्हणून तर सरांना त्यावर कार्ड करावे लागले, आणि विचार करून 'अ ग्राह्य' असे लिहावे लागले. निर्णय शिल्लक होता. निर्णय कशाचा, ते मी पुसले होते.

ते कार्ड मी स्वतः टंकित केलेले होते, मदतनीस विद्यार्थ्यांनी नव्हे. तरीही टिंब कुठल्या प्रतीत होते ते आठवेना. अजून आठवत नाही. हाताने उतरून घेतलेले लक्षात राहते असे म्हणतात. माझ्या बाबतीत बोटांनी मेंदूला काही कळवलेच नव्हते.

ऑब्सिडियनमध्ये फाइलींच्या जुन्या अवस्था जपण्याची सोय आहे, पण मुळातल्या मांडणीप्रमाणे ती सात दिवसांपुरती असते. सात दिवसांत चूक ध्यानात येणाऱ्या माणसाला ते पुरेसे आहे. मी एक नवी आज्ञा लिहिली: ज्या कार्डावर निरनिराळ्या प्रतींचे पाठ आता अक्षरशः एक झाले आहेत ती शोध. ४१ निघाली. बाकीच्या कार्डांवर सरांच्या स्वतःच्या लेखनातली टिंबे गेली होती. ती सरांची होती एवढेच, अर्थ बुडाला नव्हता. पण या ४१ कार्डांत भेद हाच मजकूर होता.

काकूंकडे गेले. जुने घर सोडून त्या मुलाच्या फ्लॅटमध्ये आल्या आहेत. झाले ते सांगितले. त्यांनी चहा टाकता टाकता ऐकून घेतले.

"अगं, टिंब गेलं म्हणून साताऱ्याहून आलीस?"

"हो काकू."

"ह्यांना सांगितलं असतंस तर जेवले नसते दोन दिवस." मग त्या माळ्याकडे बघत म्हणाल्या, "चारच खोकी दिसतील तुला. पाचवं घर बदलताना रद्दीत गेलं की काय, देव जाणे. मी बघितलं नाही, खोटं कशाला बोलू."

"पाचव्यात काय होतं, काही आठवतं?"

"मला काय गं आठवणार? कधी हात लावू दिलाय का मला त्यांना?"

चार खोक्यांतून ३३ कार्डे सापडली आणि दुरुस्त झाली. आठ राहिली. माळ आणि फुलांचे कार्ड त्या आठांत आहे. चारही खोक्यांची छायाचित्रे आता काढली आहेत. ती आधीच का काढली नाहीत, असे कुणीही विचारील. कृपा करून विचारू नये. सरांच्या लेखनातली बाकीची टिंबे मी रोज थोडी थोडी पुन्हा भरते. त्यासाठी आज्ञा लिहिता येत नाही. काढताना नियम पुरतो, घालताना प्रत्येक शब्दापाशी थांबून लिंग, वचन आणि विभक्ती पाहावी लागते. १,४०० कार्डे झाली. इतक्या बारकाईने सरांना मी ते असतानाही वाचले नव्हते, हे येथे नोंदवते, बचाव म्हणून नव्हे.

दोन पाठ भिन्न होते एवढे निश्चित असल्याने एक प्रत पाहिली तरी दुसरीचा उलगडा होतो. सरांच्या यादीप्रमाणे क प्रत वाईच्या एका घरी होती. तो वाडा विकला गेला आणि पोथी कुठे गेली ते घरच्यांनाही सांगता येईना. अ प्रत एका ग्रंथसंग्रहात आहे. पंचवीस वर्षे मी हे काव्य सरांच्या तोंडून ऐकले, त्यांच्या कार्डांवर वाचले, टंकित केले, त्यावर एका चर्चासत्रात निबंध वाचला. पोथी पाहिलेली नाही.

एफ-नऊ अजून आहे. आता ती मूळ टिपणाला हात लावत नाही. शेजारी 'वाचनप्रत' नावाची वेगळी फाइल करते, आणि ज्या ओळीत प्रतींचे पाठ दिले आहेत ती ओळ जशीच्या तशी सोडते. कळ दाबल्यावर 'नक्की?' असा प्रश्नही विचारते. हा प्रश्न मीच लिहिलेला असल्यामुळे त्याला उत्तर देताना अवघडल्यासारखे होते.

ग्रंथसंग्रहाकडे केलेल्या अर्जाला उत्तर आले आहे. येत्या मंगळवारी अकरा ते दोन पोथी पाहायला मिळेल; पेन नेता येणार नाही, शिसपेन चालेल. ओवीचा क्रमांक मी एका कार्डावर लिहून घेतला आहे. कार्ड भाच्याच्या लग्नपत्रिकेचे आहे.